तोंडीलावण्याशिवाय न्सिमा

लास्टन भावोजींना एलिनेस वहिनीचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जाऊबाईंचा खोकला आणि तुमची होडी, दोन्हींतलं जे आधी दुरुस्त झालं असेल ते कळवा. माझी तब्येत उत्तम आहे. तुमच्या पत्रात पुन्हा तेच, की वहिनी, एकटं राहू नये, सरोवराकाठी आमच्यात या. आले असते, पण तुमच्या घरात पाय ठेवायला जागा नाही आणि वाचायला एक कॅलेंडर. शिवाय मी एकटी जेवते हे खरं असलं, तरी बुधवारी एकटी जेवत नव्हते. त्या बुधवारांचंच प्रकरण झालं आहे. चर्चमध्ये कोणी तुम्हाला वेडंवाकडं सांगण्याआधी मीच लिहिते.

इथे विद्यापीठात अन्नशास्त्र शिकवणाऱ्या कादेवेरे बाई आहेत. (तुमचे दादा ग्रंथालयावर पहारा करायचे तेव्हा पावसात यांना छत्री धरून गाडीपर्यंत सोडायचे. रद्दीतली पुस्तकं मला आणून द्यायचे तीही याच विभागाची. मी अक्षरं जुळवायला शिकले ती जीवनसत्त्वांवर, म्हणून प्रेमपत्र मला कधी नीट लिहिता आलं नाही.) बाईंनी नारिंगी मक्याचं नवं पीठ काढलंय, त्यात सोयाबीन मिसळून. पोरांच्या डोळ्यांना चांगलं, अंगाला चांगलं, ते सगळं मला मान्य आहे. लोकांना त्याची पाण्यात घोटून घट्ट शिजवलेली न्सिमा आवडते का, हे बघायला गावातल्या आम्ही आठजणी बुधवारी जायचो. घरी येताना साबणाची वडी मिळायची. मी साबणासाठी गेले नाही. हे गेल्यापासून मी चुलीपाशी उभ्यानंच जेवते. बसलं की समोरची जागा दिसते. मला वाटलं होतं, आठजणी एका पातेल्याभोवती बसू.

पातेलं कुठलं! फळ्या ठोकून प्रत्येकीला एकेक खण केलेला, मत द्यायला जातो तिथे असतो तसा. पिठाचा रंग दिसू नये म्हणून वर लाल दिवा. समोरच्या झरोक्यातून एक हात येतो, कपात लिंबाएवढी न्सिमा ठेवतो आणि जातो. सोबत चमचा. चमचा, भावोजी! कागदावर रडक्यापासून हसऱ्यापर्यंत तोंडं काढलेली. जे आपलं वाटेल त्यावर खूण करायची. बोलायचं नाही, शेजारणीकडे बघायचं नाही. आणि तोंडीलावणं नाही. भोपळ्याचा पाला नाही, साध्या शेंगासुद्धा नाहीत. नुसती कोरडी न्सिमा आपण शिक्षा झालेल्या माणसालाही देत नाही, आणि त्याला निदान शेजारच्या कैद्याशी बोलता तरी येतं.

पहिल्या बुधवारी मी सगळ्यात रडक्या तोंडावर खूण केली. ती पिठाला उद्देशून नव्हती.

पुढच्या खेपेला तुम्ही पाठवलेली सुकी उसिपा कमरेच्या कापडात बांधून नेली. (केवढीशी ती मासळी, बोटाएवढी, पण काय चव!) फळीखाली फट आहे. मी शेजारच्या खणातल्या फालेसला थोडी सरकवली, फालेसनं पुढे. पलीकडून कोणीतरी कुजबुजलं, "मीठ आहे का गं?" मग हसू फुटलं. शेवटच्या खणातली म्हातारी लोसी सुनेची गाऱ्हाणी सांगायला लागली, आणि झरोक्यातल्या हाताकडे आम्ही आणखी न्सिमा मागितली. आठही कागदांवर सगळ्यात हसरं तोंड. असे बरेच बुधवार गेले. बाई खूश, मोठ्या परिषदेत वाचायला निबंध तयार झाला.

आणि एका कपात उसिपाचं डोकं सापडलं.

मी सांगितलं, मीच आणली. बाई ओरडल्या नाहीत. नुसत्या खुर्चीत बसल्या आणि आईला हाक मारावी तसं म्हणाल्या, "अमायी, तुम्ही माझं सगळं काम मासळीत बुडवलंत."

मी म्हटलं, "बुडवलं नाही, बाई. तरंगवलं."

हे बोलायला नको होतं असं फालेस म्हणते. मला तसं वाटत नाही. बाईंनी समजावलं, की चांगली मासळी लागली की पीठ, हे मग कळणार कसं. प्रश्न रास्त आहे. रद्दीतल्या पुस्तकातही मी तो वाचला होता. मी विचारलं, लाल दिव्याखाली एकटी बसून चमच्यानं खाताना एखादीला नावडतं ते पीठ की एकटेपण, हे कुठल्या तोंडावरून कळतं? बाई म्हणाल्या, "नाही कळत. पण एकटेपण सगळ्या कपांना सारखंच असतं."

खरं सांगते, ते उत्तर मला घरी पोचेपर्यंत पुरलं.

लेखी माफी द्या, नाहीतर नाव कमी करू, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, करा कमी. तुमचे दादा त्या विद्यापीठाच्या दारात जन्मभर ताठ उभे राहिले, तिथे मी वाकणार नाही. बुधवार गेला तर गेला. जेवायला मला कोणाची सोबत लागत नाही, तुमचीही नाही. तेव्हा तिकडे येण्याचा आग्रह पुन्हा करू नका. जाऊबाईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची वहिनी,
एलिनेस

ता. क. माफी काल लिहून दिली. फालेस सांगत होती, माझा खण रिकामा दिसल्यापासून कोणी बोलत नाही आणि सगळ्याजणी रडक्या तोंडावर खुणा करतात. पीठ बिचारं उगाच नापास व्हायचं.

आणखी ता. क. उसिपा पाठवू नका, आता दारातच पिशव्या हुंगतात. जाऊबाईंच्या हातचं दाण्याचं कूट पाठवा, पुड्या चपट्या बांधून. माफीत 'मासळी आणणार नाही' एवढंच आहे. सही करण्याआधी मी दोनदा वाचलं.