न उमटलेली लाली

९ जानेवारी
माझ्या खोलीतल्या बोर्डाची पिन हरवली. पितळी, चपट्या डोक्याची. बायको झाडू घेऊन मागे — 'अनवाणी फिरू नका, पायात जाईल!' म्हटलं, 'गेली तर बोंब ठोकीनच की, शोधायला नको.' तिला विनोद कळत नाही असं नाही. परवडत नाही, एवढंच.

१० जानेवारी
उद्या दाहावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंची मुलाखत. शाळेत 'दह्' धातू घोटला होता, तेवढ्या भांडवलावर जातोय.

११ जानेवारी
थक्क! ज्ञानतंतू म्हणजे आपला व्यवसायबंधू, अशी माझी समजूत — मेंदूला बातमी कळवायची नि गप्प बसायचं. साफ खोटं! बाई म्हणाल्या, तो वर्दी देतो आणि त्याच दमात जागेवर पेप्टाइडं नावाची रसायनं सोडतो. त्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरतात. लाली येते, सूज येते. म्हणजे वार्ताहरच आग भडकवतो! संपादकांना कळता कामा नये.

मग प्रात्यक्षिक. मी आणि आमचा छायाचित्रकार, मोजे काढून शेजारी शेजारी. दोघांच्या पावलावर वरून मिरचीच्या अर्काचा ठिपका. तो 'हाय हाय' करायला लागला. लाली ठिपक्याबाहेर पसरत गेली, अर्क न लागलेल्या कातडीवरही! 'हीच ती पेप्टाइडं,' बाई.

माझं पाऊल ढिम्म.

'काका, गेंड्याची कातडी!'

'बातमीदारीत कमावलीय, बाबा.'

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या पावलावर ठिपका — तेच. मग हातावर. तिथे मात्र आग आग, आणि लालीही! त्यांनी पेन खाली ठेवलं.

'साखर कधी तपासलीत?'

'कशाला? मला काही होत नाही.'

'तेच म्हणतेय मी. पायातले हे तंतू मेलेले दिसतात.'

१२ जानेवारी
साखर भरमसाट! रिपोर्टवरचा आकडा दोनदा वाचला.

बाईंना फोन केला. लाली-सूज काही नुसता उपद्रव नव्हे, म्हणाल्या. जखम भरायला तीच पहिली धावते. आता पायाला काही लागलं तर कळणार नाही, आणि लवकर भरणारही नाही. 'पाय गमवायचे नसतील तर रोज तळवे बघा.'

गमवायचे! 'वेदना'चा मूळ अर्थ जाणणं — हे मी लोकांना चारचौघांत सुनावत आलो.

बायकोला अजून सांगितलेलं नाही. सकाळी सांगतो. तळवे तीच बघेल, मला वाकवत नाही.

१३ जानेवारी
पिन सापडली. डाव्या टाचेत, डोक्यापर्यंत रुतलेली. भोवती लाली नाही.

बोंब बायकोनं ठोकली.