जोडीदाराने दिलेली ट्यूब

ताईस, तुझ्या धाकट्याचा नमस्कार.

माझं सगळं बदललं ते मंगळवारी दुपारी, औषधाच्या दुकानातली ती मुलगी म्हणाली, "लावताय ती ट्यूब दाखवा," तेव्हा. तिला बघायला महिनाभर उगाच खोकल्याच्या गोळ्या घेत होतो. तिने नीट पाहिलं ते माझ्या मानेवरच्या नायट्याकडे! घाबरू नकोस, बटणाएवढाच होता. आता थोडा पसरलाय.

"यात स्टेरॉइड आहे. खाज थांबते, पण नायटा पसरतो. डॉक्टरांना दाखवा. दिली कोणी?"

दिली खोलीतल्या जोडीदाराने. आम्ही दोघं लाँड्रीत इस्त्री करतो. तोही त्याच दुकानात घिरट्या घालतो, ताई! मला वाटलं, डाव कळला: तिच्या नजरेतून मी उतरावं म्हणून मुद्दाम दिली. खोलीवर येऊन त्याची गचांडी धरली. शर्ट फाटला, तर आत गळ्यापासून खांद्यापर्यंत लालभडक चट्टे.

"मलाही आधी बरं वाटलं होतं रे," तो म्हणाला.

दोघांत टॉवेल एकच होता, हे तुला कळवलं नव्हतं. आता वेगळा घेतलाय. डॉक्टरांनी बुरशीवरचं, स्टेरॉइड नसलेलं मलम दिलंय: जागा धुऊन, कोरडी करून, डागाच्या कडेबाहेरपर्यंत पातळ लावायचं आणि डाग गेला तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे.

आईच्या हाताची खाज कशी आहे? शेजारणीची ट्यूब लावू देऊ नकोस.

जोडीदार आज डॉक्टरांकडे निघालाय. शर्टाला इस्त्री, केसांना तेल. म्हणतो, वाटेत औषधाच्या दुकानात डोकावतो. डॉक्टरांच्या आधी कशाला? तो जिना उतरतोय. मीही निघालो, दार ओढून घेतो.

तुझा,
धाकटा