मार्केझेंच्या तसबिरीतले हात

मी, लाझारो बोनेल्लो, धंद्याने चित्रकार, राहणार जेनोवा, वय सदुसष्ट. पाय सुजले आहेत, हात थरथरतो, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करीत आहे.

१. बंदराजवळचे घर, वरच्या चित्रशाळेसह, माझी पत्नी बियांकिना हिला. उत्तरेची खिडकी तिने आता खुशाल बुजवावी. तिथल्या वाऱ्याला ती तीस वर्षे शिव्या देत आली आहे.

२. रंग वाटायचा दगड व कुंचले माझा मेहुणा ओत्ताव्हिओ यास. "लाझारोला चेहरे जमतात, माणसं नाही," असे तो माझ्या गिऱ्हाइकांना सांगत फिरला. घे बाबा, तू आधी चेहरे तरी जमव.

३. उमराव मार्केझे अन्साल्दो यांची तसबीरही बियांकिनास. सरकार वारल्यावर वारसांनी सगळा संग्रह विकला. परक्याचा बाप भिंतीवर कोण टांगणार? म्हणून ही तेवढी माझ्याकडे आली. बियांकिनाला वाचता येत नाही. तसबीर देण्यापूर्वी पुढचा मजकूर तिला मोठ्याने वाचून दाखवावा.

दोनशे चित्रांचा हा धनी माझ्यापुढे तीनच सकाळी बसला. आमच्या धंद्यात रीतच ती. मोठी माणसे चेहऱ्यापुरती बसतात, कपडे पाठवून देतात, आणि ते घालून चित्रकाराच्या घरचे कोणी बसते. प्लेगचे वर्ष होते. बाहेरच्या कापडाला गंधकाची धुरी द्यायची, असा हुकूम होता. झगा आणणारा नोकर म्हणाला, "मास्तर, महालात धुरी दिलेली नाही हं. तुम्ही द्या." मी दिली नाही. धुरीने साटीनची चकाकी मरते आणि मला ती चकाकी हवी होती.

आमची तोमासीना सतरा वर्षांची. झगा चढवून, सरकारांच्या संग्रहातली ब्राँझची छोटी मूर्ती हातात धरून ऐटीत बसली. "बाबा, आता मला सरकार म्हणा! आणि पोटाशी उशी भरा, नाहीतर मार्केझे उपाशी दिसतील."

"हात हलवू नकोस गं," एवढेच मी म्हणालो. नवव्या दिवशी ती गेली. चुन्याच्या खड्ड्यात कितीजणांबरोबर टाकली, देव जाणे. तसबीर पाहून सरकार म्हणाले, "वा! हात अगदी माझेच." मी मान लववली.

बियांकिना, अकरा वर्षे तू म्हणतेस, "मीच तिला मासळीबाजारात नेलं." तेव्हापासून तू मासळीला शिवली नाहीस. मी तुझ्यासमोर बसून खात राहिलो आणि गप्प राहिलो. बाजारातून काही आले नाही गं. झगा मी घरात घेतला, धुरी मी टाळली. तुझा काडीचाही दोष नाही.

४. चर्चमध्ये आम्हा नवराबायकोसाठी थडग्याची जागा घेतलेली आहे. तिला माझ्याशेजारी निजायचे नसेल, तर कोणी तिची समजूत घालू नये. जागा तिची. मला दुसरीकडे पुरावे.

हे लिहीत असता बियांकिना खाली आहे. तिला वर हाक मारून तोंडाने सांगायचा धीर आजही झाला नाही, म्हणून या दोघांना बोलावले.

साक्षीदार: डॉन उगोलीनो (पाद्री) व गास्पारे व्हियाले (चांभार).

सही: लाझारो बोनेल्लो
जेनोवा, ३ नोव्हेंबर १६६८