पायलचं पान

१२ जून २०२५

वंशावळ झाली एकदाची! तळेगावात सुहासच्या ऑफिसात बसून टाईप केली. सुहास जमिनीची कामं करतो, त्याला सगळं ठाऊक. आमची खालची भातखाचरं रस्त्यात गेली, त्याच्या मोबदल्याला वंशावळ लागते. मूळ पुरुष कोण, त्याची पोरं कोण, नातवंडं कोण. पणजोबापासून खाली आलो. आजोबा मयत. चुलते मयत. माझे वडील, आबा, हयात. मी हयात. मग सुहास थांबला. "आणि पायल?"

म्हटलं, लिही की. पोरगी आहे माझी.

"डोकं वापर, निलेश. पोरगी अज्ञान. तिच्या वतीनं आईची सही लागणार. सारिका फुकट देईल सही? आणि पोटगी वाढवून मागंल ते वेगळंच."

सारिका सहा वर्षांपूर्वी पोरीला घेऊन सोमाटण्याला गेली. फारकत झाली. पायलचे महिन्याला पाच हजार मी देतो, दोन महिने चुकले तर तिसऱ्याला देतो. म्हटलं, मग नावच गाळू. तर म्हणे रेशनकार्डावर आहे, कोणीतरी विचारंलच. आणि त्यानंच टाईप केलं — पायल, मयत.

मी वाचलं. सही केली. आबांचा अंगठा घरी येऊन घेतला. त्यांना कुठं वाचता येतंय.

१३ जून

नुसता कागद आहे. कागदावर लिहून कोणी मरत नाही.

५ जुलै

पैसे जमा! एक कोटी चार लाख. सगळे आबांच्या खात्यात. सुहासच्या सांगण्यावरून, मला काही नको असं संमतीपत्र मी आधीच दिलेलं. आईनं देवापुढं साखर ठेवली. आबांनी मेसेज दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "निल्या, ह्यातलं पायलला काय तरी ठेवू. केवढी झाली आसंल रं पोरगी?"

म्हटलं, बघू.

फारकतीनंतर मीच आबांना शपथ घातली होती, सारिकाच्या दारात पाऊल ठेवायचं नाही म्हणून. म्हाताऱ्यानं पाळली. सहा वर्षं.

१९ जुलै

आली सारिकाची नोटीस. कुणी कान भरले कुणास ठाऊक, पण मोबदल्याचं तिला कळलंय. पाच हजाराचे अठरा हजार करून मागितलेत. पायलला दहावीला अठ्ठ्याऐंशी टक्के पडले, अकरावी सायन्सला घातलंय, फी, क्लास, बसचा पास. अठ्ठ्याऐंशी टक्के! मला नोटिशीतून कळलं.

वकील म्हणाले, घाबरू नका. पोटगी वाढवायला परिस्थितीत बदल दाखवावा लागतो. "तुमच्या परिस्थितीत बदल झालाय का? नाही. जमीन वडिलांची, पैसा वडिलांचा. तुम्ही कंपनीत पगारी माणूस. फक्त नवीन काही घेऊ नका."

म्हणजे कोटीची बातमी गावभर आणि मी तीच जुनी गाडी लाथा मारून चालू करतोय. वा रे नशीब!

८ ऑगस्ट

वडगावला तारीख. प्रतिज्ञापत्र दिलं. पगार तेवीस हजार, दुसरं उत्पन्न निरंक. मुद्दाम फाटक्या चपला घालून गेलो होतो. सारिकानं वरपासून खालपर्यंत बघितलं. पूर्वी अहो म्हणायची. आता म्हणाली, "चपला तरी बदल रे. एवढं नाटक पोरीनं बघितलं असतं तर हसली असती."

डोकं फिरलं माझं. तिला काय कळतंय, बारा-बारा तास मशीनवर उभा राहतो मी. जमीन आमच्या बापजाद्यांची. तिनं कधी त्या चिखलात पाय घातला होता?

घातला होता. दोन वर्षं लावणीला होती. ते असू दे.

२ सप्टेंबर

लिहायला नको वाटतंय. तरी लिहितो.

आबा आज माझ्या ड्युटीच्या वेळेत एकटेच बँकेत गेले. ठेवीची पावती करायला. तिथल्या बाईनं विचारलं, वारस कोण लावायचा? आबांनी सांगितलं, नात. पायल. आबांनी बरोबर नेलेली मोबदल्याची फाईल बाईनं उघडली, त्यात वंशावळ. ती म्हणाली, "आबा, ह्या तर मयत आहेत ना?"

मी घरी आलो तर ओट्यावर बसलेले. टोपी मांडीवर. "पायल मेली व्हय रं?"

टायपिंगची चूक आहे, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं! पण चूक म्हटलं की दुरुस्त कर म्हणणार. पावतीवर तिचं नाव लाव म्हणणार. कोर्टात सगळं उघडं पडणार. एवढं सगळं तीन सेकंदांत डोक्यातून गेलं आणि मी म्हणालो, "व्हय आबा. दोन वर्षं झाली. डेंगीनं. तुमाला झेपलं नसतं, म्हणून—"

मी बोललो हे. माझ्या तोंडानं. माझ्या पोरीबद्दल.

३ सप्टेंबर

आई सकाळपासून रडतेय. "मातीला बी नेलं न्हाईस आमाला," एवढंच म्हणत राहते. आबा रडत नाहीत. जेवताना म्हणाले, "मंग तू कोर्टात कशापायी जातुस?" म्हटलं, सारिकाची स्वतःची पोटगी आहे ती. मान हलवली त्यांनी. पटलं.

खोटं बोलणं इतकं सोपं असतं? पहिलं जड जातं. पुढची आपोआप येतात.

८ सप्टेंबर

पितृपंधरवडा लागला. आबा म्हणाले, "पायलची तिथी सांग. पान घालाया पायजे."

म्हटलं, आठवत नाही.

"बाप हायेस न्हवं तू?" मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिथी ठावं नसली की सर्वपित्रीला घालत्यात."

१५ सप्टेंबर

सुट्टी होती. सोमाटणे फाट्यावर गेलो. चहाच्या टपरीपाशी दीड तास उभा.

दिसली! पाठीवर दप्तर, दोन मैत्रिणी. पाणीपुरी खात होती. तिखट लागलं म्हणून नाचत होती जागच्या जागी. माझ्याएवढी उंच झालीय. उजवा खांदा पाडून चालते, अगदी माझ्यासारखी. माझ्याकडे एकदा बघितलं तिनं. ओळखलं नाही. रस्त्यावरच्या माणसाकडे बघतात तसं बघितलं आणि गेली.

घरी येताना ठरवलं, आबांना सांगायचं. पाया पडून सांगायचं. वाटेत सुहासचा फोन. "९ ऑक्टोबरला शेवटची तारीख आहे, तेवढी कळ काढ. मग पैसे हळूहळू तुझ्याकडं घेऊ."

आबा परड्यात अळू कापत होते. मी हातपाय धुतले आणि टीव्ही लावला.

१६ सप्टेंबर

नाही सांगितलं.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री. आईनं परड्याच्या भिंतीवर पानं मांडली. आजा-आजीचं, चुलत्याचं, आणि कडेला एक लहान. खीर, वडे, अळू, कढी, सगळं थोडं थोडं. त्या लहान पानावर आबांनी खिशातून पाच रुपयांचं कुरकुऱ्याचं पाकीट काढून ओतलं. "लय आवडायचं तिला."

कावळे आले. मोठी पानं उष्टावली. लहान पानाला एकही शिवेना. अर्धा तास, पाऊण तास. आई पदर तोंडात धरून उभी. "काय तरी राह्यलंय पोरीचं," म्हणाली.

आबांनी हात जोडले. "पायल, बाय, तुझ्या आयला मी उघड्यावर पडू देणार न्हाई. उद्याच जातो तिच्याकडं. जीव सोडव आता."

मला ओरडायचं होतं. आबा, ती जिवंत आहे! सोमवारी पाणीपुरी खात होती! तेवढ्यात कावळा उतरला. एक कुरकुरं उचललं आणि गेला. आबा भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. बातमी कळल्यापासून पहिल्यांदा.

म्हटलं, आबा, जाऊ नका, शपथ आहे. तर म्हणाले, "मेल्या घरी जायाला शपथ आडवी येत न्हाई."

मी जेवलो. खीर दोनदा घेतली. हेही लिहून ठेवतो.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. आई पहाटेपासून माती, परडी, धान्य घेऊन बसलेली. मी फर्स्ट शिफ्टला. आबा सारिकासाठी साडी घेऊन निघाले होते. दुखवट्याची साडी, पांढऱ्यावर बारीक फुलं.

बाराला सारिकाचा फोन. "तुझे आबा आलेत. पायलनं दार उघडलं. तिला बघून उंबऱ्यातच बसले. तिच्या तोंडावरून हात फिरवतायत आणि विचारतायत, तू कोण गं, तू कोण गं? काय सांगितलंस तू त्यांना? निलेश, काय सांगितलंस?"

मी फोन कट केला. सुपरवायझरला पोटात दुखतंय सांगून निघालो.

आबा माझ्यानंतर तासाभरानं आले. उंबरा ओलांडला नाही. अंगणातूनच आईला म्हणाले, पाणी दे. आईनं तांब्या आणला. "तांब्या नगं. बादली." धोतर-टोपीसकट तिथंच अंगावर ओतून घेतलं. एक बादली. दुसरी.

आई घाबरली. अशी आंघोळ आपल्यात कशाची असते, तिला माहीत नाही का! "अवं, घरात घट बसल्यात! कोण गेलं? सांगा की, कोण गेलं?"

आबांनी माझ्याकडे बघितलं.

३० सप्टेंबर

आठ दिवस झाले. आबा माझ्याशी बोलत नाहीत. आईसुद्धा ताट सरकवते आणि आत जाते. रोज सकाळी आबा सोमाटण्याला जातात. आज जाताना दुकानातून कुरकुरे घेतले.

९ ऑक्टोबर

वडगाव कोर्ट. सारिकाच्या बाजूनं साक्षीदार पुकारला. आबा. सगळं सांगितलं त्यांनी. वंशावळ, अंगठा, डेंगी. पैसे निम्मे निलेशचे आहेत, माझं नुसतं खातं, हेही सांगितलं. पायल मागच्या बाकावर होती. पहिल्यांदाच आली होती.

माझ्या वकिलानं शेवटी विचारलं, "तुम्ही आमच्या अशिलाविरुद्ध बोलताय. निलेश तुमचा कोण लागतो?"

आबा म्हणाले, "ल्योक व्हता."