जाफराबादला न पोचलेली वही

मास्तर, जाफराबादच्या शाळेसमोर लिंबाखाली बसून हे लिहून राह्यलो. आत पोरं उर्दूचा धडा एका सुरात म्हणून राह्यलीत, न् मला राजूरचा तुमचा ओटा आठवला. शाळा सुटल्यावर तुम्ही आम्हा चौघांना तिथं इंग्रजी शिकवायचे. जालन्याच्या जिनिंगमधे गोऱ्या साहेबाच्या हाताखाली राहून तुम्ही ती उचलली होती. तुमची ती इंग्रजी शब्दांची वही माझ्या मांडीवर आहे. दर शब्दाखाली त्याचं लॅटिन मूळ, अन् जोर द्यायच्या अक्षरावर गणपतीच्या शेंदराचा ठिपका. तुमच्या घरच्या बाई आतून ओरडायच्या, "देवाचा शेंदूर गोऱ्याच्या भाषेला फासता?" तुम्ही म्हणायचे, "विद्या गणपतीचीच, शेंदूरबी त्याचाच." रेकॉर्ड या शब्दाचं पान मी अजून काढून बघतो. रे म्हणजे परत, कोर म्हणजे काळीज, परत काळजाशी आणणं हे त्याचं मूळ. 'रे'वर जोर दिला तर लिहिलेली नोंद, 'कॉ'वर दिला तर नोंदून ठेवायचं काम. मी दोन्ही सपाट म्हणलो तशी तुम्ही मांडीवर थाप मारली, "लेका, अर्थ जोरात असतो. तुझं चित्त कुठंय?" चित्त रस्त्यावरच्या बैलांच्या घुंगरांत होतं.

मंग तुम्ही खोकून खोकून अंथरुणाला लागलात. वही फडक्यात बांधून दिलीत. "जाफराबादच्या मास्तरला दे. तो पोरांकडून नक्कल करून घेईल. जल्दी जा, भटकू नको." मी निघालो, अन् वाट सोडून पिंपळगाव रेणुकाईला कुस्त्या बघायला गेल्तो. तिथून कापसाच्या गाडीवर बसून जालना. स्टेशनावर साहेबाला पार्सलाचा कागद बराबर वाचून दाखवला, तर कामच लागलं. हमालाला पोर्टर म्हणतात, कारण लॅटिनमधे पोर्ट म्हणजे वाहून नेणं, हे तिथं मला एकट्यालाच ठाऊक. काय रुबाब होता!

तीन महिन्यांनी राजूरला आलो तर तुम्ही न्हाई. बाईंनी दारातच विचारलं, "वही पोचली का रे? शेवटपर्यंत तेच विचारत होते."

"बिलकुल पोचली," मी म्हणलो.

त्याला बारा वर्षं झाली. स्टेशन सुटलं, आणखी चार कामं सुटली, वही तेवढी सुटली न्हाई. आज ती द्यायलाच आलो. इथले मास्तर दारात आले, "कोण पाहिजे, बाबा?" मी म्हणलो, "पाणी." त्यांनी तांब्या भरून दिला. प्यालो, न् परत लिंबाखाली.

कुस्त्यांच्या नादात द्यायची राह्यली, असं मी स्वतःलाच सांगत आलो. तसं न्हाई, मास्तर. पिंपळगावलाच मी फडकं सोडून वही वाचली, अन् वाटलं, हे सगळ्या पोरांना आलं तर माझ्यापाशी काय उरंल? हे सगळं मी तुमच्या वहीच्याच शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलंय. वही द्यायची तर हेबी त्यांच्या हाती जाणार. पान फाडता येतं. दोनदा धरलं. अजून फाडलं न्हाई, अन् उठलोबी न्हाई.