उद्याची साक्ष

आमच्या विद्वान लिसानियासला, त्याच्या अडाणी आजीकडून खुशाली.

मी सांगते आहे आणि तुझी बहीण तिमारेता मेणाच्या पाटीवर लिहिते आहे. सकाळपासून चारदा पुसायला लावलं, म्हणून ती चिडली आहे.

उद्या तुला नगराचा अधिकारी करण्याआधी भर सभेत विचारतील, आईवडिलांना नीट सांभाळतोस का? तुझा साक्षीदार नाउसिकुदेस काल माझ्याकडे आला. "आजी, लिसानियास आईला भेटायला येतो ना?"

"येतो की! दर महिन्याला अंजीर घेऊन येतो," मी म्हटलं.

दोन वर्षांत तू या घराचा उंबरा ओलांडलेला नाहीस. तुझी आई अंथरुणाला खिळली आहे, आणि तू तिकडे शहराच्या चौकात खांबांच्या सावलीत बसून लोकांना सद्गुण म्हणजे काय ते समजावतोस. खोटं मात्र मी बोलले, या वयात!

तेव्हापासून माझा पाय ठरत नाही. "अगं आजी, बस ना जरा," तिमारेता म्हणते. कशी बसू? तू आज दिवस मावळायच्या आत आलास, तर माझं खोटं थोडं तरी खरं होईल. येताना अंजीर आण.

शहराकडे जाणारा गाडीवान दारात थांबला आहे. तिमारेता विचारते, "देऊ का पाटी?"

नको. हे वाचून आलास, तर माझ्या सांगण्यावरून आलास असं होईल. तसा येणारा नातू मला नको.

गाडीवानाला जाऊ दे, पोरी. मी रस्त्यावर बघून येते.

तुझी खोटारडी आजी,
आर्खिप्पे