पॉकेट आधी सांगायचं

प्रिय खडूखाऊ,

चार वर्षांचा असताना बाबांच्या पूल-बिलियर्डच्या हॉलमधला काठीला लावायचा निळा खडू खाऊन घरभर निळी जीभ दाखवत फिरलास, तेव्हा पडलेलं हे नाव. आता तू साहेब झाला असशील, पण तो तुझ्या ऑफिसात.

पहिली बातमी म्हणजे मी पूल खेळायला शिकले. हसू नकोस. तू गेल्यापासून बाबांना दुपारचा जोडीदार उरला नाही. टेबलाचं कापड झाडून झालं की एकटेच दोन्ही बाजूंनी खेळायचे आणि स्वतःशीच भांडायचे. शेवटी मीच कंबर कसली.

आधी आठचा खेळ शिकवला. एकाचे एकरंगी बॉल, दुसऱ्याचे पट्ट्यांचे. आपले संपले की काळा आठ नंबर, त्याआधी पडला तर हार, आणि तो कोणत्या पॉकेटात घालणार ते आधी सांगायचं. मी तिसऱ्याच फटक्यात काळा घालून टाळ्या वाजवल्या. बाबा डोक्याला हात लावून बसले. मग प्रत्येक फटक्याआधी बॉल आणि पॉकेट दोन्ही सांगायचा खेळ. तो त्यांचा जीव की प्राण, कारण त्यात सारखं बोलायची मुभा असते.

नऊचा खेळ मात्र शिकवेनात. का, ते तुला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच खेळात भर हॉलमध्ये तू त्यांना हरवलंस. तुझा फटका उरलेल्यांतल्या सगळ्यात लहान दोन नंबरवर बसला, दोन जाऊन नऊवर आदळला आणि नऊ भलत्याच पॉकेटात पडला. बाबा म्हणाले, पॉकेट सांगितलं नव्हतंस, डाव बाद. तू म्हणालास, यात सांगावं लागत नाही. पुढे दोघं जे बोललात ते मी लिहीत नाही. आठवड्यात तू बॅग भरलीस. अजूनही बाबांनी फोन उचलला की ठेवून देतोस. मला त्याचा फार राग येतो, तुझा आणि त्यांचाही.

गेल्या महिन्यात मी हट्टाला पेटले. नऊचा खेळ शिकवा, नाहीतर स्वयंपाक तुम्ही करा. मुकाट्याने शिकवला. पांढरा बॉल आधी सगळ्यात लहान नंबराला लागला पाहिजे. मग नऊ कधीही पडो, पाडणारा जिंकला. चौथ्या डावात माझा फटका एक नंबरला लागला, कडेवरून फिरला आणि नऊला घेऊन गेला. मी विचारलं, जिंकले का? बाबा बराच वेळ काठीच्या टोकाला खडू घासत राहिले.

"जिंकलीस," म्हणाले. मग हळूच, "तोही जिंकला होता."

दुसऱ्या दिवशी हॉलच्या भिंतीवर त्यांच्या वाकड्या अक्षरात पाटी लागली: नऊच्या खेळात पॉकेट सांगायची गरज नाही. गिऱ्हाइकं विचारतात, हे कुणाला माहीत नव्हतं? बाबा म्हणतात, होता एक शहाणा.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. काल जेवताना ते एकदम म्हणाले, "तो रविवारी येईल. मागच्या दाराने." मी विचारलं, फोन आला का? नाही. नुसतंच आधी सांगून ठेवलं. आज सकाळपासून मागच्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालतायत. तेव्हा रविवारी ये बाळा. आणि पुढच्या दाराने येऊ नकोस, डाव बाद धरतील.

वाट बघणारी,
तुझीच आई